हिरव्या जाळीखाली काढलेला फोटो

सिग्नलवर हिरव्या जाळ्या लागल्या. आज सकाळी औषधं आणायला सीताबर्डीला गेले होते, तर चौकातले स्कूटरवाले पांढऱ्या पट्ट्याच्या बरेच मागे, जाळीची सावली जिथे संपते तिथेच गर्दी करून थांबलेले. पुढे मोकळा रस्ता उन्हात पडलेला आणि मागे सगळे एकमेकांना चिकटून. नागपुरात उन्हाळा असा दोन खांबांमध्ये ताणून बांधला की मगच आला म्हणायचा.

ईरा, निकेत, तुम्ही राहता तिथे अजून अंगावर लोकर असेल. इथे मला त्या जाळ्या दिसल्या आणि ऊन लागायच्या आधीच थकल्यासारखं झालं. गेली काही वर्षं हे असंच होतं. निकेत, तुला त्या उन्हाळ्याबद्दल एवढंच सांगितलं होतं की आबांना जरा बरं नव्हतं. ईराला सगळं माहीत आहे, पण ते तिकडून, फोनच्या पडद्याच्या पलीकडून. इकडून ते कसं होतं ते मी कधी सांगितलं नाही. सांगायचा कंटाळा नव्हता. सांगण्याइतकं ते संपलेलं नव्हतं.

होळी झाली की माझी कामं ठरलेली असतात. कूलरचं जुनं गवत काढायचं, टाकी घासायची, माठाखाली वाळू टाकायची, माठात वाळ्याची जुडी सोडायची. रजया उन्हात दोनदा उलटून पेटीत. अंगणावर हिरवी जाळी. मला सगळं जागच्या जागी लागतं. तुमचे आबा म्हणतात, "तुझ्या घरात धूळही विचारून बसते वं." आबा कन्हानच्या बाजूचे, पाटबंधारे खात्यात आयुष्य कालव्यांवर काढलेलं. मी मिशनच्या शाळेतली आणि पुढे इंग्रजी शिकवणारी. लग्न झाल्यावर मी त्यांची 'मले-तुले' सुधारायला घेतली होती. पहिल्या दिवाळीपर्यंत मी तो नाद सोडला, आणि आता तर ते शुद्ध बोलले की मला वाटतं, कोणीतरी परका माणूस घरात आला आहे.

त्या वर्षी होळीपासून त्यांना खोकला होता. आधी गुलालाचा म्हटलं, मग धुळीचा, मग बदलत्या हवेचा. कोरडा खोकला. बोलता बोलता मध्येच यायचा आणि वाक्य तिथेच राहायचं. अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले की कठड्याला हात लावून उभे राहायचे आणि मी पाहिलं की कठड्यावरची धूळ बघितल्यासारखं करायचे. शेवटी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला. त्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की फुप्फुसांतल्या रेषा जरा वाढल्यासारख्या दिसतात, सीटी स्कॅन करावा. आणि नेमके डॉक्टर मुलीच्या लग्नासाठी सुट्टीवर निघालेले. ते म्हणाले, "घाई नाही. मी आलो की स्कॅन करू, मी स्वतः बघतो." डॉक्टरांनी 'घाई नाही' म्हटलं की घरातल्या बाईला काय वाटतं, ते तुम्हाला पुढे कधीतरी कळेल.

आपल्याकडे एक्स-रे घरी आला की तो सगळ्यांनी उजेडाकडे धरून बघायचा असतो. कळत कोणालाच नाही. पण लिफाफ्यातून ती काळी फिल्म काढायची, दोन्ही हातांनी आभाळाकडे धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि 'हं' म्हणायचं. शेजारीण येऊन बघते, दूधवाला बघतो. आमच्याकडे कामाला येणारी शीला तर बरगड्या मोजत होती. "बाबूजी, तुमच्या फासळ्या तं एकदम लाईनीत आहेत." आबा म्हणाले, "तुह्या आजीनं लावल्या असतील." हसले आणि खोकले.

त्याच दिवसांत ईरा, तुझं ते कॉलेजातलं काम चाललं होतं. तू फोनवर सांगितलं होतंस तेव्हा मला अर्धंच कळलं होतं. आता निकेतसाठी माझ्या भाषेत लिहिते. चूक झाली तर दुरुस्त कर.

एखाद्या मोठ्या रुग्णालयात छातीची हजारो जुनी चित्रं साठवलेली असतात, आणि त्या प्रत्येकाला काय झालं होतं तेही लिहिलेलं असतं. नवं चित्र आलं की संगणकाने त्या ढिगातून त्याच्यासारखी दिसणारी चित्रं काढून द्यायची, म्हणजे डॉक्टरांना पडताळून बघता येतं. पण 'सारखी' म्हणजे काय? संगणकाला फुप्फुस कळत नाही. तो चित्राचे लहान लहान चौकोन करतो आणि प्रत्येकात बघतो की काळ्या ठिपक्याच्या शेजारी किती वेळा पांढरा येतो, रेषा कोणत्या दिशेने जातात, सगळं गुळगुळीत आहे की खरबरीत, दाट आहे की विरळ. त्या सगळ्याचे आकडे करतो. ज्यांचे आकडे जवळजवळचे, ती चित्रं एकमेकांची नातलग. तू त्याला टेक्स्चर म्हणत होतीस. मी म्हटलं, "म्हणजे पोत." कापडाच्या दुकानात मी डोळे दुसरीकडे ठेवून नुसतं बोटाने चाचपते आणि सांगते, हे पॉपलीन, हे मांजरपाट, यात सूत कमी आहे. तू म्हणालीस, "अगदी तेच गं आजी, फक्त बोटांऐवजी गणित." मला फार बरं वाटलं होतं. नात इतक्या लांब जाऊन काहीतरी करते आहे आणि ते मला चिमटीत धरता येतं आहे, असं.

"आबा, तुमच्या एक्स-रेचा फोटो पाठवा ना," तू म्हणालीस. "बघू तरी माझी मशीन काय म्हणते. पण ती डॉक्टर नाही हं. ती फक्त सारखी दिसणारी चित्रं काढते."

"काढू दे," आबा म्हणाले. "माह्यासारखा दिसणारा अजून कोणी आहे का, मलेही पाहू दे."

मी स्वयंपाकघरात कैऱ्या उकडत होते. ते दोघं, आबा आणि शीला, अंगणात गेले. बाहेर उजेड चांगला म्हणून. खिडकीतून मला त्यांचा आवाज येत होता. "वर धर. अजून वर. हालू नको वं!" "मी कुठं हालून राहिली बाबूजी, तुमचाच हात हालते." फोटो गेला. शीलाने फिल्म पुसून लिफाफ्यात ठेवली. मी पन्हं गाळलं. त्या दुपारचा वास मला अजून येतो, उकडलेल्या कैरीचा, ओल्या गवताचा आणि तापलेल्या सिमेंटवर पडलेल्या पाण्याचा.

दोन-तीन दिवस तू फोन केला नाहीस. केलास तेव्हा हवेबद्दल बोललीस, निकेतच्या शाळेबद्दल बोललीस. आबांनी मध्येच विचारलं, "अन् आमचे भाऊबंद भेटले का?"

"आबा, ते काम अजून कच्चं आहे."

"कच्चंच दाखव."

तू टाळलंस. त्यांनी सोडलं नाही. कालव्याच्या कामावर कंत्राटदारांकडून खरं काढून घेतलेला माणूस तो. शेवटी तू व्हिडिओवर तुझ्या संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवलास. डाव्या बाजूला आबांची छाती आणि उजवीकडे ओळीने अनोळखी छात्या. नावं नव्हती. प्रत्येकाखाली इंग्रजीत आजाराचं नाव होतं आणि ते सगळ्यांखाली एकच होतं. मला ते वाचता आलं, आबांनाही आलं. फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं, आतून जाळ्यासारखं विणलं जातं आणि मग त्यात हवा मावत नाही, असा तो आजार. तो मागे फिरत नाही.

आबांनी बराच वेळ त्या छात्या बघितल्या. मग विचारलं, "ईरा, याच्यातले किती लोक अजून चालून-फिरून राहिले?"

तुझ्या मागच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते मला आठवतं. मग तू म्हणालीस, "आबा, सीटी झाल्याशिवाय काही खरं नाही." पण तोवर ते उठून आत गेले होते. कूलर मोठ्याने सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या उन्हाळ्याचं मला हे आठवतं, की तो फार हळू गेला आणि त्यात काहीच घडलं नाही. डॉक्टर परतले नव्हते. दुसऱ्या कोणाकडे जाऊ म्हटलं तर आबा म्हणाले, "त्याले येऊ दे. आता काय पळून जाते का ते." दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. बारा वाजताच दारं बंद, पडदे ओढलेले, घर पाण्याखाली बुडाल्यासारखं गार आणि अंधारं. आणि त्या अंधारात आबा मला शिकवायला लागले. कूलरचा पंप अडला तर कुठे टिचकी मारायची. पाण्याच्या टाकीचा कोणता वॉल्व्ह उलटा फिरतो. गॅसवाल्याचा कोणता मुलगा भरवशाचा. मी म्हणायचे, "मला काय करायचंय? तुम्ही आहात ना." ते म्हणायचे, "पाहून तं ठेव." मी पाहून ठेवायचे. टिचकी मारायचे. पंप चालू व्हायचा. आम्ही दोघंही त्या पाण्याच्या आवाजाकडे बघत बसायचो.

ते भांडेनासे झाले, हे सगळ्यात वाईट होतं. भाजीवाल्याशी नाही, पेपरवाल्याशी नाही, माझ्याशी नाही. शीला म्हणाली, "आजी, बाबूजी असे गरीब काहून झाले?" मी तिला सांगितलं, ऊन लागलं. ती गव्हाचा चीक घेऊन अंगणात कुरडया घालत होती. तिचा हात गोल फिरत होता आणि पांढऱ्या तारा एकमेकींवर पडत होत्या. एरवी मी तिथे बसून कच्चा चीक साखर घालून खाते. त्या दिवशी माझ्याने त्या तारांकडे बघवेना.

तुम्हाला वाटेल, एका विद्यार्थिनीच्या कच्च्या कामावर दोन शहाणी म्हातारी माणसं इतका विश्वास कसा ठेवतात. मीही विचार केला आहे. माणूस म्हणाला असता तर आम्ही वाद घातला असता. पण ती चित्रं काही म्हणत नव्हती. ती फक्त शेजारी येऊन उभी राहिली होती. त्या रांगेत आबा अगदी शोभत होते. आपल्यासारखे दिसणारे लोक एकत्र उभे केले की आपलंही तेच होणार, असं मनाला आपोआप वाटतं. लग्नघरात नाही का आपण म्हणत, अगदी आत्यावर गेली आहे, आणि मग आत्याचं सगळं नशीब त्या पोरीच्या अंगावर घालतो.

मग एका सकाळी ईरा, तुझा फोन आला. तुझ्याकडे रात्र असणार. आवाज बसला होता.

"आजी, तो फोटो नक्की कुठे काढला होता?"

"अंगणात. का गं?"

"मी प्रत्येक चौकोन वेगळा करून बघितला. ती जाळी फुप्फुसात आहे, पण खांद्याच्या हाडावर पण आहे. मानेवर पण आहे. फुप्फुसाचा आजार हाडावर कसा दिसेल? आणि आजी, ती फार सारखी आहे. एकसारख्या अंतरावर. शरीर इतकं नीटनेटकं काही करत नाही."

मी फोन घेऊन अंगणात गेले. शीला झाडत होती. तिला विचारलं, एक्स-रे कुठे धरला होता. तिने झाडू टाकला, दोन्ही हात वर केले, अगदी तसेच, आणि हातांच्या वर बघितलं. वर आमची हिरवी जाळी, आणि तिच्या बारीक चौकोनांतून आलेलं ऊन तिच्या कोपरापर्यंत.

"अव्वा!" शीला म्हणाली. "हे तं जाळी होय ना वं आजी!"

आबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं. वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस जाळीच्या दुखण्यानं मरून राहिलो होतो?"

असे हसलो आम्ही! शीला तर खाली बसली. फोनमध्ये तू रडत होतीस की हसत होतीस कोण जाणे. आबांना हसता हसता खोकला आला तर त्याचंही हसू आलं. त्या दुपारी त्यांनी आंब्याचा रस वाटी तोंडाला लावून प्यायला आणि संध्याकाळी भाजीवाल्याशी दोडक्यावरून असे भांडले की मला बाहेर जाऊन सोडवावं लागलं. मी त्याला हळूच सांगितलं, "भाऊ, रागावू नका, आज ते बरे झालेत."

नंतर तू सांगितल्याप्रमाणे आम्ही फिल्म लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून दुसरा फोटो पाठवला. या वेळी शेजारी आलेली चित्रं एकमेकांसारखी नव्हती. काही निरोगी होती, काही जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाची, एक-दोन त्या आधीच्या आजाराची. "म्हणजे मशीनला नीट सांगता येत नाहीये," तू म्हणालीस. ते मला आवडलं. न कळणं हे त्या दिवसांत मला मोठं सुख वाटत होतं.

पुढे डॉक्टर आले. स्कॅन झाला. त्यांनी फिल्म भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावली, पेनाचं टोक अगदी खाली नेलं आणि म्हणाले, "इथे आहे. थोडं आहे. पण आहे." तोच आजार होता. अंगणातल्या जाळीच्या मागे खरोखरची एक जाळी होती. फार बारीक, कडेला, नुकती कुठे विणायला घेतल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, कोणाकोणात तो वर्षानुवर्षं तिथेच थांबतो, कोणात पुढे जातो. कोणात काय, ते आधी सांगता येत नाही. दर वर्षी बघायचं.

परत येताना रिक्षात गरम वारा तोंडावर येत होता. आबांनी रुमाल नाकाला बांधला होता. मेट्रोच्या खांबांच्या सावल्या एकामागून एक आमच्या अंगावरून जात होत्या. ते म्हणाले, "म्हणजे आहेच."

"आहे. पण थोडं."

"थोडं म्हणजे किती वं?"

मी आयुष्यभर सगळं मापात केलं. साड्यांच्या घड्या, वर्गातल्या तासिका, मुलांची बोटं धरून शिकवलेली अक्षरं. त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे माप नव्हतं. मी म्हटलं, "चिमूटभर." ते म्हणाले, "मिठाएवढं तं मग." आणि बाहेर बघायला लागले.

ईरा, त्या वर्षी तू ते काम सोडून देणार होतीस. तू मला लिहिलं होतंस की मशीनने जाळी ओळखली, पण जाळी कशाची ते तिला कळलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. मी तेव्हा काही चांगलं उत्तर दिलं नव्हतं. आज देते. तुझ्या मशीनने चूक केली नाही. तिला जे दाखवलं त्याच्यासारखं तिने शोधून आणलं. खांद्याच्या हाडाकडे बघून ज्याला शंका आली, ते माणूस होतं. तू बसून चौकोन चौकोन उलगडत राहिलीस, झोप टाकून. तू ते सोडलं नाहीस याचं मला बरं वाटतं, आणि आता तू नव्या मुलांना पहिल्याच दिवशी विचारतेस म्हणे, की फोटोच्या मागे काय होतं.

तेव्हापासून दर वर्षी आम्ही जातो. तोच गार खोलीचा वास, तोच लोखंडी बाक, तोच लिफाफा, आणि डॉक्टर जुनी फिल्म आणि नवी फिल्म शेजारी लावतात. सारखी आहे, म्हणतात. आम्ही सुटतो. आता आबा अंगणात एकदा बसून मग फाटकापर्यंत जातात, पण जातात. यंदा मात्र ते म्हणाले, राहू दे, सारखीच येईल, उन्हात कोण जाईल. आणि मी होकार दिला. खरं सांगते, मी थकले आहे. आजारापेक्षा त्या 'सारखी आहे' या शब्दांची वाट बघून थकले आहे. वाटलं, एक वर्ष ही वाट न बघता जाऊ दे.

पण वाट बघणं काही थांबत नाही. ते माझ्या कानात येऊन बसलं आहे. तुमच्या आबांचा प्रत्येक खोकला मी ऐकते आणि मनातल्या मनात त्याचा जोडीदार शोधते. हा फोडणीचा. हा थंड पाण्याचा, माठातलं न पिता चोरून फ्रीजमधलं प्यायल्याचा. हा पाहुण्यांनी आता उठावं म्हणूनचा. हा मी काही विचारलं आणि उत्तर द्यायचं नाही तेव्हाचा, हा तर लग्नापासूनचा. इतक्या वर्षांचे खोकले माझ्याजवळ साठलेले आहेत. एक आला की त्याच्यासारखा लगेच सापडतो आणि मी पुन्हा भाजी चिरायला लागते.

आज दुपारी मी ताक घुसळत होते. कूलर चालू होता, पडदे ओढलेले होते. आतून एक खोकला आला. लहानसाच. मी रवी थांबवली. शोधलं. मागचा उन्हाळा, त्याच्या मागचा, तो जाळीचा उन्हाळा, मुलांच्या लहानपणीचे हिवाळे, सगळं धुंडाळलं. तसा दुसरा सापडला नाही.

हात पुसून मी आत गेले. ते पलंगाच्या कडेला बसले होते, तळहात छातीवर.

"उद्या सकाळी जायचं आहे," मी म्हटलं. "ऊन चढायच्या आत."

एरवी त्यांनी वाद घातला असता. मी वादाची तयारी करूनच आत गेले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग विचारलं, "किती वाजता निघायचं?"

म्हणजे तो खोकला त्यांच्याही ओळखीचा नव्हता.